पाणी घेण्याचा हक्क मिळाला, पाणी जाण्याच्या वाटेचे काय?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा आपला रायगड. पाणी घेण्याच्या त्या हक्काचा इतिहास आम्ही प्रत्येक जयंतीला सांगतो. पण आषाढात आमच्या वस्त्यांत गुडघाभर पाणी शिरते, तेव्हा गावकारभारी त्याला निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होतात. हे आम्हाला मान्य नाही.

खांब हे रोहा तालुक्यातले गाव, मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाडच्या मधले. पावसाळ्यात इथे एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तरी कुणाला नवल वाटत नाही. हिशेब करा : एका हेक्टरवर शंभर मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर पाणी. भातखाचरे हे पाणी धरून ठेवतात, बांधाबांधाने सावकाश ओढ्याला सोडतात. खाचरात भराव टाकून प्लॉट पाडले की तेच पाणी एकदम धावते. त्यात महामार्ग. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले. रस्त्याचा उंच भराव म्हणजे पाण्याला आडवा बांधच. पलीकडे जायला उरते ती मोरी. ती अरुंद असली किंवा राडारोड्याने बुजली, की पाणी मागे फुगते आणि सखल जागेत शिरते.

मग सखल जागेत राहते कोण? गावाने आपल्याला जागा दिली ती गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी, उताराच्या शेवटी. पाणी जात पाहत नाही, खरे आहे. पण कोणाचे घर कुठे असावे हे जात पाहूनच ठरले होते.

निधी नाही असेही नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून गटारे बांधता येतात. पण आमचा अनुभव असा, की अंदाजपत्रकात गटाराची लांबी असते, उतार नसतो. गटार वस्तीच्या टोकाला संपते, ओढ्याला जोडलेच जात नाही. वरच्या आळीचे सांडपाणी मात्र त्यातून आपल्या दारात येते. शहरातला बिल्डर सल्लागार नेमून पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा करून घेतो. आपल्या वस्तीत साधी लेव्हल घ्यायलाही कुणी येत नाही.

मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी मांडले होते, की जादा पाणी हा शाप नाही; ते नुसते समुद्रात घालवू नये, साठवून लोकांच्या कामी आणावे. ही दृष्टी वस्तीपर्यंत आणायची तर काम डोंगरापासून सुरू झाले पाहिजे. उतारावर समतल चर आणि झाडे, बुजलेल्या ओढ्यांना पुन्हा मोकळे पात्र, पाण्याच्या हिशेबाने मोऱ्या आणि सर्वांत शेवटी गटार.

आपल्या पोरांपैकी कितीतरी जण सिव्हिलचा डिप्लोमा करून कामाच्या शोधात आहेत. त्यांनी आधी आपल्या वस्तीचा नकाशा काढावा. पाणी कुठून येते, कुठे अडते, कोणत्या घराच्या जोत्याला लागते, सगळे त्यावर दाखवावे. तो नकाशा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवा आणि ठराव मागा : ओढ्यापर्यंतचा उतार दाखवल्याशिवाय वस्तीतल्या एकाही गटाराला मंजुरी नाही. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची नक्कल मागा. तोंडी आश्वासनाने पाणी हटत नाही.

जय भीम!