न फुगणारा गाल

आमच्या आरमोरीत पाहुण्यालाही खर्रा दिला जातो. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. मी सीटी स्कॅनवर कॅन्सरच्या गाठीची कड आखणारा प्रोग्राम लिहितो, आणि माझं काम याच खर्र्यापाशी अडतं.

सीटीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा. पाणी ०, हवा उणे १०००. गालाची गाठ पाहायची तर रुग्णाला गाल फुगवायला सांगतात. आत हवा गेली की गाल आणि हिरडी वेगळी दिसतात. पण सुपारीने ताठरलेला गाल फुगत नाही. दोन्ही चिकटलेली, आकडे जवळजवळ सारखे. प्रोग्राम तिथेच चाचपडतो. रेघ आत सरकली तर रोग मागे राहतो. बाहेर गेली तर चांगला भाग किरणांत भाजतो.

म्हणून असे स्कॅन मी वेगळे तपासतो. एकूण सरासरी कितीही चांगली येवो, इथे चुकला तर प्रोग्राम नापास. शेवटची रेघ डॉक्टरच पक्की करतात, आणि तेच योग्य.

अम्मी विचारते, तुझ्या कामाने शिफा होते का? शिफा अल्लाहच्या हाती. २०१६पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध काम करतंय. त्यांना यश येवो, असे स्कॅन कमी होवोत, एवढीच दुआ.