रुमालाची गाठ

फारसीतून आलेला ‘दप्तर’ हा शब्द मराठीत इतका रुळला, की पेशव्यांचे हिशेब आणि शाळकरी मुलांची पाटी-पुस्तके ही दोन्ही त्यात मावली. सरकारी दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. चेन्नईत तंजावरच्या मराठी नाटकांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधिकेला अलीकडे असाच एक बांधलेला रुमाल संगणकावर भेटला.

शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) काळातील नाटकांचे टंकलिखित पाठ एका सहकाऱ्याने आपल्या गूगल ड्राइव्हवरील फोल्डरमधून तिला वाचावयास दिले होते. पाठभेद मोजण्यासाठी तिने ब्राउझरमध्येच चालणाऱ्या कोलॅबमध्ये आज्ञावली लिहिली. परंतु असा फोल्डरच नाही, असे उत्तर येई. वस्तुतः परवानगी निराळी आणि वाट निराळी. दुसऱ्याने दिलेला फोल्डर ड्राइव्हच्या वेगळ्या दालनात दिसतो. कोलॅबला जोडलेल्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये तो आपोआप येत नाही. त्याचा शॉर्टकट तेथे ठेवला, म्हणजे वाट तयार होते. तरीही एकाच फोल्डरात हजारो फाइली असल्या, तर यादी वाचतानाच मुदत संपू शकते. मग त्यांची उपफोल्डरांत विभागणी करावी, अथवा सर्वांची एक झिप करून ती सत्रापुरत्या मिळालेल्या यंत्रावर उतरवून घ्यावी. सत्र संपल्यावर ते यंत्र पुसले जाते. म्हणून निष्कर्ष ड्राइव्हवर परत नेणे ओघानेच आले.

तोडगा निघाला, तथापि मूळ प्रश्न उरलाच. शॉर्टकट म्हणजे नक्कल नव्हे. मालकाने परवानगी काढून घेतली, की मोजलेले पाठभेद पुन्हा पडताळून पाहता येत नाहीत. पुण्याचे पेशवे दप्तर संशोधकांना सहजी खुले नव्हते, त्या काळात राजवाड्यांनी खाजगी घराण्यांतले कागद मिळवून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला. पुढे सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०–३४ मध्ये निघाले. या छपाईमुळे ते कागद किल्ली बाळगणाऱ्याच्या मर्जीतून सुटले आणि विधानाची शहानिशा कोणालाही करता येऊ लागली. कर्नल मेकेंझी १८२१ साली वारला. त्याच्या संग्रहाचा एक भाग चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आजही अभ्यासता येतो, तो सार्वजनिक ठिकाणी पोहोचल्यामुळेच.

संशोधिकेने आता सहकाऱ्याकडे दुसरी परवानगी मागितली आहे, ती पाठांची एक प्रत ग्रंथालयात ठेवण्याची. तोवर तिच्या प्रबंधातील प्रत्येक आकडा एका गाठीवर अवलंबून आहे, आणि ती गाठ तिच्या हातची नाही.