पाणी येईपर्यंत

नोएडातील आमच्या घराच्या गच्चीवरून यमुना दिसते, असे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा पत्नी हसते. खरे तर दिसतो तो पुश्ता. नदीला वस्तीपासून दूर ठेवण्यासाठी घातलेला मातीचा लांबच लांब बांध. त्याच्या पलीकडे खादर, म्हणजे नदीची पूरभूमी, आणि आणखी पलीकडे ओखल्याच्या बंधाऱ्याने अडवलेले पाणी. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडचे पक्षी उतरतात. एरवी जवळ नदी आहे, ही गोष्ट मुद्दाम आठवावी लागते. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेले हे शहर यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधोमध वसले, पण दोघींकडे पाठ करून. आम्ही येथे राहायला आलो १९८८ मध्ये. पस्तीस वर्षांत एकदाही या पाण्यावर आम्ही नावेत बसलो नाही.

२०२३ च्या जुलैत नदीने स्वतःहून आठवण करून दिली. हरियाणातील हथिनीकुंड बंधाऱ्यातून सोडलेले पाणी दिल्लीला पोहोचायला दीड ते तीन दिवस घेते. तेवढे दिवस सारे शहर क्युसेकचे आकडे मोजत असते. १३ जुलैला दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी पाण्याची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. आमच्या बाजूला खादरातील शेते बुडाली, झोपड्या बुडाल्या, आणि माणसे गुराढोरांसह पुश्त्यावर येऊन राहिली. बचावपथकाच्या नावा ये-जा करीत होत्या. पत्नी दोन दिवस पुश्त्यावर पोळ्या घेऊन जात होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली आणि पायही न धुता म्हणाली, "अहो, आपल्याकडे एक होडी असायला हवी होती."

हे वाक्य माझ्या तोंडचे असायला हवे होते. मी खाडीकाठचा. विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळणाऱ्या वाघोटण खाडीच्या काठी माझे घर. वडिलांची एक होडी होती. नारळ, आंब्याच्या पेट्या, भाताची पोती, प्रसंगी अडलेली बाळंतीण, सारे तिच्यातूनच जाई. १९७३ मध्ये मला कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला पाठवण्यासाठी त्यांनी ती विकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारले नाही. ज्या होडीने मला घरी आणायचे, तिच्याच पैशांनी मी घराबाहेर पडलो, एवढे मात्र मला त्या वयातही कळत होते. कळत असूनही मी पुढे दिल्लीला नोकरी धरली, तेथेच लग्न केले, यमुनेच्या काठी घर बांधले आणि होडी हा विषय मनातून उतरवून ठेवला.

पत्नी जन्माने दिल्लीची. तिचे आजोबा सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले आणि करोलबागेत स्थिरावले. कोकण तिला सुट्टीपुरते ठाऊक. त्यामुळे होडीची गोष्ट तिने काढली तेव्हा मी तिला समजावले, की यमुनेत हौसेची होडी ठेवायला ना घाट ना धक्का. ती शांतपणे म्हणाली, "मग जिथे ठेवता येते तिथे ठेवू."

अशा रीतीने २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही विजयदुर्गाला एका म्हाताऱ्या तांडेलाच्या अंगणात उभे होतो. त्याची मुले मुंबईला, त्याचे गुडघे गेलेले. होडी फार मोठी नव्हती. चार माणसे आणि थोडे सामान एवढीच. फळ्या जुन्या, पण सांधे नव्याने कापूस भरून बुजवलेले, आणि अंगाला तेलाचा ताजा हात. मागे एक लहानसे जुने इंजिन बसवले होते, आत दोन वल्ही आणि एक बांबू. व्यवहार झाला. तांडेलाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. होडीच्या त्या भागाला आणि आईच्या पोटातल्या बंधाला मराठीत एकच शब्द आहे, हे मला तेव्हा आठवले; पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती.

दिवस वसंत पंचमीचा, १४ फेब्रुवारी. खाडीकाठी भरतीचे गणित पोरासोरांनाही येते: तिथीला तीनाने गुणावे, चाराने भागावे, येईल त्या तासाला पूर्ण भरती. पंचमीची भरती पावणेचारला. म्हणजे दहाच्या सुमाराला पाणी खाडीत शिरू लागणार. अकराला निघालो, तर भरतीच्या पाठीवर बसून तीनच्या आत घरी. मी हे सारे पत्नीला ऐटीत समजावले. प्रत्यक्षात नारळ फोडणे, हळदकुंकू, तांडेलाच्या बायकोने आग्रहाने दिलेला चहा आणि तिचे डोळे पुसणे, यांत एक वाजला.

सुरुवात सुखाची झाली. दुपारचा वारा समुद्राकडून खाडीत वाहत होता, पाणीही त्याच दिशेने चालले होते. किल्ल्याचे बुरूज मागे पडले. उजव्या हाताला गिर्ये लागले. तेथे मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, खडक फोडून केलेली. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे यांच्या मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच पाण्यावर जळाले. पण मला लहानपणापासून नवल वाटे ते त्या गोदीच्या युक्तीचे. भरतीला गलबत आत घ्यायचे. ओहोटीला पाणी निघून गेले की ते कोरडे उभे राहते. मग त्याचे तळ तपासायचे, भेगा बुजवायच्या, आणि पुढच्या पाण्याची वाट पाहायची. पत्नीने विचारले, "आणि पाणी येईपर्यंत काय करायचे?" मी म्हणालो, "काम करायचे." माझ्या त्या उत्तराची परीक्षा त्याच रात्री व्हायची होती.

गिर्ये मागे पडल्यावर थोड्या वेळाने इंजिन बंद पडले. दोरी ओढून ओढून खांदा दुखू लागला, तरी ते चालू झाले नाही. मी वल्ही घेतली आणि पत्नीला सुकाणू दिले. एकोणसत्तराव्या वर्षी वल्ही मारणे ही आठवणीची नव्हे, पाठीची गोष्ट असते. पहिला काही वेळ तिने होडी कधी या काठाकडे, कधी त्या काठाकडे नेली. मग हळूहळू तिच्या लक्षात आले, की सुकाणू वळवल्यावर होडी लगेच वळत नाही; तिला थोडा अवधी द्यावा लागतो. त्यानंतर ती बोलेनाशी झाली आणि होडी सरळ चालू लागली.

चार वाजून गेले तेव्हा आमची वाडी दिसू लागली. माडांची रांग, कौलारू छप्पर, खाली दगडी घाट. घाटासमोर कांदळवन आहे आणि त्यातून आत शिरणारी पाण्याची एक अरुंद वाट. वडील होडी त्या वाटेने आणीत. पत्नी म्हणाली, "अहो, तिथे पाण्याचा रंग निराळा दिसतो. ते कोळ्यांचे खांब रोवलेत ना, त्यांच्या बाजूने जाऊ या का?" मी म्हणालो, "अगं, ही वाट मला डोळे मिटून ठाऊक आहे." मी खरोखरच डोळे मिटले होते म्हणायला हवे. पन्नास वर्षांत त्या वाटेत गाळ बसला होता. पाणी फिरले होते. होडी आत शिरली, तळाशी मऊसा आवाज झाला, आणि आम्ही थांबलो. बांबू रोवून रेटा दिला, तर बांबूच चिखलात हातभर गेला. पाहता पाहता पाणी आमच्याभोवतून निघून गेले.

घाटावर माझा चुलतभाऊ येऊन उभा होता. तो ओरडला, "दादानू, खाली उतरू नकात! चिखलात रुतशात. पाणी इल्याशिवाय व्हडी हलाची नाय!"

घर दोनशे पावलांवर होते. आईच्या हातचे तुळशीवृंदावन दिसत होते. आणि पाणी येणार होते पहाटे तीनच्या पुढे.

सूर्य मागे समुद्रात बुडाला. कांदळवनात बगळे परतले. उघड्या चिखलावर लहान खेकडे बाहेर आले, आणि त्यांच्या हालचालीची बारीक कुजबुज चहूकडून ऐकू येऊ लागली. आम्ही फोडलेल्या नारळाच्या वाट्या खाल्ल्या, बाटलीतले पाणी वाटून घेतले. चुलतभाऊ घाटावर कंदील लावून बसला होता. मधूनमधून हाक मारी, आम्ही ओ देत असू. पंचमीच्या चंद्राचा थोडा उजेड होता.

त्या उजेडात पत्नी म्हणाली, "एक विचारू? तुम्ही इथे परत येताय. मी कुठे परतते आहे?"

प्रश्न नवा नव्हता. निवृत्तीनंतर कायमचे गावी जायचे, हे मी तिला न विचारताच ठरवून ठेवले होते. तिचे माहेर करोलबागेत विरून गेले. तिची मैत्रीण, तिचा भाजीवाला, तिचे मंडळ, तिने लावलेला कडुनिंब, सारे नोएडात. पुश्त्यावर पोळ्या घेऊन जाताना तिला कोणी परके म्हटले नव्हते. आणि मी तिला घरी नेत होतो, जणू इतकी वर्षे ती कोणाच्या तरी ओसरीवर राहत होती.

मी उत्तर देऊ लागलो आणि थांबलो. खालच्या चिखलाने माझे उत्तर आधीच खोडून काढले होते. परततो तो, ज्याला वाट ठाऊक असते. मला वाट ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती ती १९७३ ची खाडी, आणि ती आता कोठेच नव्हती. आजचे पाणी आमच्यापैकी एकाच माणसाने पाहिले होते, आणि ते माणूस मी नव्हतो.

मी तिला तसे सांगितले. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपण दोघेही नवीन." त्या बोलण्यात समाधान होते की नुसती नोंद, हे अंधारात कळले नाही. पण त्यानंतर आम्ही पुष्कळ बोललो. नोएडाच्या घरात कधी बोललो नव्हतो इतके. वडिलांच्या होडीची गोष्ट मी तिला त्या रात्री पहिल्यांदा सांगितली. आडतीस वर्षांच्या संसारात ती सांगायची राहिली होती. तिने एवढेच विचारले, "होडी गेल्यावर ते पलीकडे कसे जात?" मला आठवेना. बहुधा जातच नसावेत.

रात्री उशिरा चंद्र मावळला. थंडी पडली. एका पासोडीत दोघे बसलो. कधीतरी डोळा लागला. जाग आली ती आवाजाने. तो पाण्याचा आवाज होता असेही म्हणता येणार नाही. खेकड्यांची कुजबुज थांबली होती, एवढेच. मग फळ्यांना खालून कोणी तरी बोट लावावे तसे झाले, आणि होडी एका अंगावरून सरळ झाली. साडेतीन वाजले होते.

मी बांबू घेतला. सुकाणू तिच्याकडेच होते. या वेळी मी वाट सांगितली नाही. तिने होडी मागे घेतली, खांबांच्या बाजूने वळवली आणि कंदिलाच्या दिशेने सावकाश घाटाला लावली. चुलतभावाने दोर धरला आणि म्हणाला, "वयनीनू, बरी आणलास."

उत्तर अजून पूर्ण झालेले नाही. पण होडीने एक व्यवस्था लावून दिली आहे. पावसाळ्यापूर्वी खाडीतल्या होड्या काठावर ओढून झापांनी शाकारतात. ते झाले की आम्ही नोएडाला येतो, कारण तेव्हाच चार महिने यमुना खरी नदी असते. पावसाळा सरला की होडी पाण्यात उतरते, आणि आम्ही तिकडे जातो. कोणते घर आणि कोणते प्रवासातले, हे आम्ही मोजत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा आषाढ चालू आहे. सकाळी पत्नी वर्तमानपत्रात हथिनीकुंडचे आकडे वाचते. मग स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तिथी पाहते आणि तिच्याखाली पेन्सिलीने एक वेळ लिहून ठेवते. येथे त्या वेळेचा काही उपयोग नाही. आज पंचमी. तिने लिहिले आहे: पावणेचार.