थोडी ढील

मुलांनो, लहानपणी तुम्ही खेळण्यातली मोटार कधी उघडून पाहिली आहे का? पाहिली असेल, तर नंतर ती पुन्हा जोडता आली का? आणि जोडल्यावर एखादा स्क्रू हातात उरला का? माझ्या हातात नेहमी उरत असे. म्हणूनच ही हकिगत मी तुम्हांला सांगत आहे.

मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. माझे मामू पुष्कळ वर्षे दुबईत नोकरीला होते. २०१७ च्या दिवाळीच्या सुटीत ते कायमचे घरी परतले. त्यांच्या सामानात पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्यात एका मोटारगाडीचे सुटे भाग होते : चार काटेरी टायर, स्प्रिंगा, दातेरी चाके, लहानसे दांडे आणि प्लॅस्टिकच्या पुड्यांत बांधलेले असंख्य स्क्रू. मामू म्हणाले, "मास्तर झालास ना? घे, जोडून दाखव."

ती रेडिओच्या लहरींवर चालणारी बग्गी होती. बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे, बरे का! खडकाळ, उंचसखल जमिनीवर शर्यतीसाठी धावणाऱ्या हलक्या उघड्या गाडीलाही बग्गी म्हणतात. अशा खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची ही छोटी गाडी. तिला तार नाही, दोरी नाही. हातातल्या यंत्राची कळ दाबली, की ती दूरवर वळते, धावते आणि थांबते.

हे कसे घडते? कळ दाबताच हातातल्या यंत्रातून रेडिओलहरी निघतात. त्या एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात. गाडीतले छोटे यंत्र त्या पकडते. मग एक भाग पुढची चाके वळवतो आणि दुसरा भाग मोटारीला कमी-जास्त वीज देतो. वीज येते बॅटरीतून. आमच्या बॅटरीत सहा घट होते. प्रत्येक घट १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण ७.२ व्होल्ट. हिशेब अगदी सोपा आहे.

ही विद्या नवी नाही. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात तारेवाचून, भिंतीच्या पलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव दुरून चालवून दाखवली. जपानमधील शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये अशा खडबडीत रस्त्यावरच्या छोट्या बग्ग्या बाजारात आणल्या. १९८५ मध्ये तर त्यांची जागतिक स्पर्धा अमेरिकेतील कॅलिफोर्नियात भरली. आपल्या देशातही २००७ पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी माणसाला बसता येईल अशी खरी बग्गी स्वतः बनवतात आणि 'बाहा' नावाच्या स्पर्धेत ती चालवतात. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे ही स्पर्धा सुरू झाली.

आता माझ्या बग्गीकडे वळू. शाळा सुटल्यावर मी विज्ञानाच्या खोलीत ती जोडायला बसू लागलो. हळूहळू नववीची मुले जमू लागली. त्यांत एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. मराठीच्या तासाला मान खाली घाली. धडा वाचायला सांगितला, की घामाघूम होई. त्याचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मिस्तरी होते. पण स्क्रू हातात आला, की हा मुलगा वेगळाच दिसे. त्याची बोटे न पाहता योग्य जागी जात.

मला यंत्राचे ज्ञान नव्हते. पण मी शिक्षक होतो. जे सैल दिसेल ते मी आवळत असे. मोटारीच्या छोट्या दातेरी चाकाला मी मोठ्या दातेरी चाकावर अगदी घट्ट दाबून बसवले. स्प्रिंगांमध्ये सगळ्या चकत्या घालून त्या कडक केल्या. धक्का शोषणाऱ्या नळ्यांत घालायचे खास तेल खोक्यात नव्हते. मी शिवणयंत्राचे तेल घातले. तेल ते तेल, त्यात काय एवढे!

तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, दातांत जरा ढील पाहिजे. एवढं टाइट नको. माझे अब्बा लूमवर थोडी ढील ठेवतात."

इतर मुले हसली. मला वाटले, ती मलाच हसली. मी पटकन बोलून गेलो, "आधी मराठीचा एक धडा नीट वाचून दाखव. मग मला शिकव."

सगळे पुन्हा हसले. या वेळी त्याला हसले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो त्या खोलीत आला नाही. आठवड्याभराने मला कळले, की तो शाळाच सोडणार आहे. वडिलांबरोबर मागावर जाणार आहे. मी त्याला बोलावून घ्यायला हवे होते. पण चूक कबूल करणे मला जड गेले.

जानेवारी २०१८ मध्ये आमच्या वर्गाची सहल सूर्यमाळला गेली. सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातले थंड हवेचे ठिकाण. वाडा मागे टाकून आमची बस घाट चढू लागली. दोन्ही बाजूंना जंगल होते. भात आणि नाचणी कापून झाल्यामुळे उतारावरची शेते मोकळी दिसत होती. वारा असा झोंबत होता, की मुलांनी मफलर काढले. भिवंडीत रात्रंदिवस मागांचा खडखडाट ऐकणाऱ्या आम्हांला तिथली शांतता पहिल्यांदा चमत्कारिकच वाटली.

तो मुलगाही आला होता. सहलीचे पैसे आधीच भरले होते म्हणून.

जेवण झाल्यावर मी माळावर बग्गी ठेवली. मुलांनी गोल रिंगण केले. गावातली काही आदिवासी मुलेही जवळ आली. त्यांच्यापैकी एकाच्या हातात सायकलचा जुना टायर आणि काठी होती. मी कळ दाबली. गाडी कर्कश आवाज करीत वीस-पंचवीस पावले गेली, एका दगडावर उडाली आणि पाठीवर पडली. मी सरळ केली. ती पुन्हा उलटली. चौथ्या वेळी मोटारीला हात लावला, तर चटका बसला. टायरवाला मुलगा म्हणाला, "तुमची गाडी लई उडते. माझा टायर बघा!" आणि काठीने टायर हाकत तो त्याच दगडांमधून सफाईने निघून गेला.

सगळे हसले. मी मात्र रिंगणाबाहेर पाहिले. तो मुलगा दूर एका दगडावर बसला होता. माझ्याच गाडीकडे पाहत होता.

मुलांनो, रिंगणापासून त्या दगडापर्यंत फार अंतर नव्हते. पण ते चालताना मला फार वेळ लागला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "त्या दिवशी तुझे बरोबर होते. माझे चुकले. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. आता सांग, काय करायचे?"

तो गडबडून उभा राहिला. मग गाडीजवळ येऊन बसला. वहीच्या कागदाची एक पट्टी त्याने फाडली. मोटारीचा स्क्रू सैल केला, दोन दातेरी चाकांच्या मध्ये ती पट्टी धरली, चाके एकमेकांना टेकवली आणि स्क्रू आवळला. मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. तिच्यावर दातांच्या घड्या पडल्या होत्या, पण ती फाटली नव्हती. "एवढीच ढील पाहिजे, सर," तो म्हणाला. "कमी झाली तर मोटार तापते. जास्त झाली तर दात तुटतात."

नंतर त्याने स्प्रिंगांतल्या चकत्या काढल्या. गाडी थोडी खाली बसली. गाडी जमिनीच्या जेवढी जवळ, तेवढी ती कमी उलटते आणि स्प्रिंग नरम असली, की चाक दगडावर चढते. गाडीला उडवत नाही. शेवटी त्याने नळ्या उघडल्या. माझ्या तेलाने आतल्या रबरी कड्या फुगल्या होत्या. त्यामुळे दांडे अडकून बसले होते. त्याने त्या कड्या काढल्या आणि तेल पुसून टाकले. म्हणाला, "आज तेलाविना चालवू."

एक गोष्ट मात्र त्यालाही ठाऊक नव्हती. गाडी सुट्या मुरमावर घसरत होती. तेव्हा टायरवाला मुलगाच पुढे आला. "तिथं नाय, गवताच्या कडेनं घ्या. तिथली माती घट्ट हाय." त्याने वाट दाखवली. काटेरी टायर त्या मातीत रुतून पकड घेऊ लागले. गाडी धावली! उड्या मारत, डुलत, पण धावली. माळाच्या टोकाला वळून ती परत आली आणि त्या दोन मुलांच्या पायांशी थांबली. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती. तरी दोघे एकाच वेळी हसले.

भिवंडीला परतल्यावर मी त्याच्या वडिलांना भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, घरात माणसं जास्त आहेत आणि कमावणारा मी एकटा. मी काय करू?" माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, "उभे धागे फार ताणले तर काय होते, हे तुम्ही मला जास्त चांगले सांगाल." ते बराच वेळ गप्प राहिले. मग ठरले, की मुलगा दिवसा शाळेत येईल आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर कामाला जाईल.

मी त्याच्याशी एक करार केला. गाडीत एका वेळी एकच बदल करायचा आणि तो मराठीत लिहून ठेवायचा. दोन बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला ते समजत नाही. त्याच्या वहीतली पहिली वाक्ये अशी होती : 'नळीत सिलिकॉनचे तेल घातले. गाडी उडी मारून लगेच शांत झाली. मागची चाके थोडी आत वळवली. गाडी सरळ गेली.' त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मीही एका वेळी एकच चूक दाखवू लागलो. लाल शाईने सगळे पान रंगवणे सोडून दिले.

मार्च २०१९ मध्ये तो दहावीला बसला. मराठीत त्याला ४३ गुण मिळाले. फार नाहीत; पण ते त्याचे स्वतःचे होते. पुढे त्याने आय.टी.आय.मध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला.

ती बग्गी अजून विज्ञानाच्या खोलीत आहे. तिच्या खोक्यात दातांच्या घड्या पडलेली ती कागदाची पट्टीही आहे. वर्गात कोणी चुकले आणि माझा आवाज चढू लागला, की मला तिची आठवण होते. मुलांनो, 'ढील' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच आहे. यंत्राला किती ढील द्यायची, ते कागदाच्या पट्टीने मोजता येते. माणसाला किती द्यायची, ते मात्र त्याच्याजवळ जाऊन बसल्यावरच कळते.