पेटीच्या आतला जमाखर्च

आमच्या घरात संगणक आला तो कचेरीच्या लिलावातून. जुनी यंत्रे निकालात काढली तेव्हा आम्हीही एक उचलले. २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय-फाइव्ह, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल अशी बारीक अंगाची पेटी. अर्ज टाइप करणे, अभ्यासिकेच्या वर्गणीची यादी ठेवणे, एवढ्याला तो पुष्कळ होता.

मग थोरली मुलगी ॲनिमेशन शिकू लागली. त्यासाठी ब्लेंडर नावाचा कार्यक्रम लागतो. तो फुकट मिळतो, हे आम्हाला फार आवडले. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या ४.० आवृत्तीपासून ओपनजीएल ४.३ जमणारे ग्राफिक्स हवे असते, आणि आमच्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सला ते जमत नाही. घरी कार्यक्रम उघडेच ना. पोरगी कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून बसायची आणि रात्री साडेआठला घरी यायची. महिनाअखेर दहा सेकंदांची चित्रफीत जमा करायची होती. बोनस हाती आला तेव्हा आम्ही ठरवले, ग्राफिक्स कार्ड घ्यायचे.

मुलगी म्हणाली, "पप्पा, आधी पेटी उघडून बघू. वॅट किती आहेत ते बघावे लागेल." आम्ही म्हणालो, "तो दुकानदार वीस वर्षे हेच विकतोय. त्याला कळत नाही आणि तुला कळते?" हे वाक्य आम्ही बोललो, ते इथे लिहिलेच पाहिजे. सभेत उठून मुलींना शिकवा म्हणून सांगणारे आम्हीच.

शनिवारी एकटेच लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात वापरलेले जीटीएक्स ९६० दाखवले. दोन पंखे, चांगले वजनदार. संगणक कोणता, पेटी केवढी, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. घरी पेटी उघडली तर कार्डाची पट्टी पेटीच्या उंचीपेक्षा मोठी. झाकण लागण्याचा प्रश्नच नाही. शिवाय कार्डाला वेगळी सहा टाचण्यांची वीजवायर हवी, ती आमच्या पॉवर सप्लायला नव्हतीच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "जोडवायर देतो, हार्डडिस्कच्या वायरीतून काढा. झाकण उघडेच ठेवा."

तेव्हा मुलीने वहीचे पान फाडले आणि आमच्यापुढे ठेवले. आम्ही बी. कॉम., जन्म हिशेबात गेला. तिने वॅटचा जमाखर्च मांडला होता. पॉवर सप्लायवरच्या चिकटपट्टीप्रमाणे जमा २४०. खर्च : प्रोसेसर ७७, कार्ड १२०, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून अंदाजे ४०. शिल्लक तीन वॅट, आणि तीही दहा-बारा वर्षे चाललेल्या पॉवर सप्लायवर. बोर्डावरच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेले त्या बारीक वायरीतून ओढायचे म्हणजे वायर तापणार. असे व्हाउचर कचेरीत आले असते तर आम्ही सहीच केली नसती.

दुकानदाराने कार्ड परत घेतले, पण बाराशे रुपये कापून. तिच्या आईने एवढेच विचारले, "पोरीला बरोबर नेले असते तर ट्रेनचे किती जादा लागले असते?"

पुढच्या शनिवारी दोघे गेलो. तिच्याकडे पेटीच्या आतला फोटो, मापे आणि अटी लिहिलेले पान : अर्ध्या उंचीचे कार्ड, एकाच खाचेच्या जाडीचे, कारण शेजारी पॉवर सप्लायचा डबा आहे, वेगळी वायर नको, मेमरी शक्यतो चार जीबी.

पहिल्याने जीटी १०३० पुढे केले. कमी वॅटचे, अर्ध्या उंचीचे, पेटीत बसणारे. आम्ही खिशात हात घातलाच होता. मुलीने खोक्याची मागची बाजू वाचली आणि खाली ठेवले. या एकाच नावाखाली दोन माल विकले गेले आहेत. जीडीडीआर-५ मेमरीचे सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, २०१८ मध्ये आलेले डीडीआर-४ चे जेमतेम १७. खोके होते दुसऱ्याचे. शिवाय मेमरी दोनच जीबी, आणि त्या पिढीच्या कार्डांना २०२५ च्या ऑक्टोबरनंतर कंपनी नवे ड्रायव्हर देत नाही; ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या. दुकानदार आमच्याकडे पाहून हसला. "साहेब, पोरगी हुशार आहे." आम्ही काही बोललो नाही.

चौथ्या दुकानात एनव्हिडियाचे टी ६०० मिळाले. कचेरीतल्या यंत्रांतून निघालेले, २०२१ साली बाजारात आलेले, चार जीबीचे, ४० वॅटचे, एका खाचेचे. जुनी कार्डे आतला मजकूर बदलून नव्या नावाने खपवली जातात, म्हणून तिने ते दुकानातल्याच संगणकात लावायला सांगितले, जीपीयू-झेड या कार्यक्रमात नाव आणि मेमरी तपासली, मगच पैसे द्यायला लावले. पानावर नवी शिल्लक लिहिली : ८३ वॅट.

घरी आलो, वायर काढली, कार्ड बसवले, झाकण लागले. पण मॉनिटर काळाच. कार्डाला बारीक डिस्प्लेपोर्ट, आमच्या जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए वायर! हे मात्र तिच्याही यादीत नव्हते. ती ओशाळली. आम्ही म्हणालो, बाराशेच्या मानाने हे काहीच नाही. रविवारी दादरहून कन्व्हर्टर आणला.

विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि ११ आमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, म्हणून तिने लिनक्स आधीच घातले होते. त्यावर ब्लेंडर उघडले. दहा सेकंदांची २४० चित्रे रात्रभर तयार होत राहिली. आम्ही दोनदा उठून पेटीला हात लावून पाहिला. कोमट होती.

आता अभ्यासिकेतली दोन मुले आपापल्या संगणकाचे विचारायला आली आहेत, तीही लिलावातलीच यंत्रे. आम्ही त्यांना थोरलीकडे पाठवले. तिने दोघांनाही पेटी उघडून पॉवर सप्लायच्या चिकटपट्टीचा फोटो काढून आणायला सांगितले आहे.