केट विन्स्लेटचं ‘वूडर’ आणि आमचं ‘मी येतो’

2021च्या एप्रिल-मेमध्ये फिलाडेल्फियाच्या आसपास राहणारी माणसं दर रविवारी रात्री एका इंग्रज बाईचे उच्चार तपासत बसायची. बाई साधीसुधी नव्हती, केट विन्स्लेट होती. ‘टायटॅनिक’वाली. एचबीओच्या ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’ या सात भागांच्या गुन्हेमालिकेत तिनं पेनसिल्व्हेनियातल्या डेलावेअर काउंटीतली पोलीस डिटेक्टिव्ह केली होती. या भागाला तिथले लोक डेल्को म्हणतात आणि त्यांची स्वतःची अशी एक इंग्रजी आहे. पाण्याला ते ‘वॉटर’ म्हणत नाहीत, ‘वूडर’ म्हणतात. ‘होम’मधला ‘ओ’ इतका वाकवतात की अमेरिकेतल्याच बाकीच्यांना हसू येतं. मालिकेत रहस्य होतं एका मुलीच्या खुनाचं. डेल्कोकरांना मात्र आणखी एका गोष्टीचा तपास लावायचा होता: बाईला ‘वूडर’ जमलं का?

बहुतेकांच्या मते जमलं. काहींनी चुका काढल्या, काहींना हा उच्चार आपल्या मावशीचा वाटला, काहींना शेजारणीचा. 8 मेला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’नं या मालिकेची ‘मुर्डुर डुर्डुर’ नावाची नक्कल केली, तीही सगळी त्या उच्चारांवरच उभी होती. मालिका लिहिणारा ब्रॅड इंगल्सबी त्याच बाजूला वाढलेला, त्यामुळे शब्द घरचे होते. बोलणारी तेवढी बाहेरची.

मी हे सगळं तासगावात, लॉकडाऊनमध्ये, मोबाइलवर पाहिलं. हॉटस्टारवर दर सोमवारी नवा भाग यायचा. रात्री मी कानात इअरफोन घालून ‘मेअर’ बघायचे आणि समोरच्या टीव्हीवर घरच्यांचं ‘देवमाणूस’ चालू असायचं. तीही गुन्हेमालिकाच. कातळवाडी नावाच्या काल्पनिक गावात बोगस डॉक्टर येतो, गोड बोलून सगळ्यांचा देवमाणूस होतो आणि एकेक खून पाडत जातो. 2016 साली वाईजवळच्या धोममध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणाशी लोक या गोष्टीचा संबंध लावायचे. आमची आई सातारची, कोरेगावकडची. तिला ते प्रकरण पेपरातून पाठ होतं, त्यामुळे ती मालिका बघता बघता तपासही करायची. पण जास्त करून ती भाषा तपासायची. एखादं पात्र दोन वाक्यं बोललं की निकाल: “ह्यो आपल्याकडचा हाय.” किंवा “न्हाय, ही पुण्या-मुंबईची.”

तेव्हा लक्षात आलं की डेल्कोतले लोक जे करतायत, तेच आमच्या घरात कित्येक वर्षं चालू आहे.

आमच्या घरात एक क्रियापद तीन तऱ्हेनं चालतं. आज्जी तासगावची, ती घरातून निघताना म्हणते, “मी येतो.” सांगली-कोल्हापूरकडे बायका असंच बोलतात, “मी जातो, मी करतो”. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. आई माहेरचं बोलते, “मी येती.” आणि मी व माझी बहीण शाळेत शिकलो, “मी येते.” एकेकाळी सातारा आणि सांगली एकाच जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. नकाशावरची रेघ नंतरची आहे, बोलण्यातल्या रेघा त्याच्या आधीच्या. जतकडे गेलात तर कानडी लागते, मिरजेत दखनी. आटपाडीला माणदेश सुरू होतो. दर तीस-चाळीस किलोमीटरला ‘येतो’चं काहीतरी वेगळं होतं.

म्हणून बाहेरची माणसं ‘सातारी’ किंवा ‘कोल्हापुरी’ म्हणून जी एक सरसकट भाषा समजतात, ती ऐकली की आमच्याकडच्या प्रेक्षकाचे कान टवकारतात. झी मराठीवर 2017 ते 2019 या काळात ‘लागिरं झालं जी’ लागायची. लेखक तेजपाल वाघ वाईचे, निर्मात्या श्वेता शिंदे सातारच्या, अज्या करणारा नितीश चव्हाण सातारचा. जीजी करणाऱ्या कमल ठोके कराडच्या, पेशानं शिक्षिका. शीतलीचं काम करणारी शिवानी बावकर मात्र मुंबईची. हे कळलं त्या दिवशी आमच्या घरात चर्चासत्रच झालं. आई म्हणाली, “मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. पण शिकलीया बघ पोरगी.” आज्जीनं एका वाक्यात विषय संपवला, “कुटली का असंना, चांगलं बोलती की!”

आज्जीच्या त्या वाक्याचा मी नंतर बराच विचार केला. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. जिथं पुरुषानं केलेली सीता चालली, तिथं मुंबईच्या मुलीनं केलेली शीतली चालणारच. परक्यानं आपलं सोंग घेऊ नये, असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. सोंग नीट वठलं का, एवढंच बघतात.

नीट म्हणजे काय? माझ्या मते इथं दोन प्रकार होतात. ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये मुंबईच्या हार्दिक जोशीनं कोल्हापूरकडचा राणादा केला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण त्याचं ‘चालतंय की’ इतकं गाजलं की काही दिवसांनी ते टी-शर्टवर आलं. मग पुण्यात मला कुणी “कुठली गं तू?” असं विचारलं आणि मी “सांगली” म्हटलं की समोरून लगेच यायचं, “चालतंय की!” प्रेमानंच म्हणायचे. पण पुढचं वाक्य काय बोलावं, हे त्यांना सुचायचं नाही आणि मलाही. बोली ही बोलण्यासाठी असते. तिचा एकच शब्द फेट्यासारखा डोक्यावर चढवला की बाकीचं बोलणंच बंद होतं.

‘मेअर’मध्ये तसं झालं नाही. ती बाई ‘वूडर’ म्हणते तेव्हा कॅमेरा थांबत नाही, कुणी हसत नाही, मागे विनोदी संगीत वाजत नाही. ती थकलेली आहे, मुलगा गेल्याचं दुःख घेऊन फिरतेय, चिडकी आहे आणि गावातली सगळ्यात हुशार बाई आहे. त्याच उच्चारांत ती संशयिताला प्रश्न विचारते, त्याच उच्चारांत आईशी भांडते. एका प्रसंगात पोट सुटलेलं दिसत होतं, ते दिग्दर्शकानं कापायची तयारी दाखवली तेव्हा विन्स्लेटनं नको म्हणून सांगितलं. पोटाला इस्त्री नाही, तशी भाषेलाही नाही. डेल्कोतल्या लोकांना बरं वाटलं असेल, तर ते याचं. आपल्यासारखं बोलणारी बाई हुशार असू शकते, हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता आमच्या घरातली गोष्ट. 2022 मध्ये माझी धाकटी बहीण इंजिनीअरिंग संपवून पुण्यात मुलाखतीला गेली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. कोडिंगची परीक्षा झाली, तांत्रिक मुलाखत झाली, दोन्हींत ती पुढे गेली. शेवटच्या फेरीत समोरचे मराठी निघाले, तिलाही मोकळं वाटलं आणि बोलण्याच्या ओघात आज्जीचं क्रियापद तोंडातून बाहेर पडलं, “ते मी करतो की सर.” दोघं हसले. एकानं विचारलं, “मुलगी आहात ना तुम्ही?” मुलाखत संपताना सल्ला मिळाला: ग्राहकांशी बोलायचं काम आहे, भाषा जरा शुद्ध करा. निवड झाली नाही.

तिनं स्वारगेटवरून फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, “ताई, इंग्रजीत नापास केलं असतं तर एवढं काय वाटलं नसतं. मराठीत केलं गं.”

त्याच्या आदल्या वर्षीच, सप्टेंबर 2021 मध्ये, केट विन्स्लेटला मेअरच्या भूमिकेसाठी एमी मिळाला होता. मेहनत तिची, बक्षीस तिचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फोन ठेवल्यावर हेच डोक्यात घोळत राहिलं: एखाद्या भागाची बोली बाहेरच्यानं महिनोन् महिने घोकून आत्मसात केली की त्याला कौशल्य म्हणतात. तीच बोली आज्जीकडून फुकट मिळालेली असली की सुधारायला सांगतात. त्या दोघांनी ‘लागिरं’ बघितलेलं असणार. कदाचित शीतली आवडलीही असेल. टीव्हीवर गोड वाटणारं बोलणं टेबलाच्या पलीकडून आलं तेव्हा त्यांना ते अशुद्ध वाटलं.

गंमत म्हणजे दुसऱ्याची भाषा उचलण्यात आमच्या भागातली माणसं भलतीच तरबेज. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्या नात्यातला एक दादा तमिळनाडूत दुकान चालवतो, गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये भाव करतो आणि दिवाळीला गावी आला की पाराजवळ पोचायच्या आत “काय लका, कसं काय?” सुरू. त्याला कुणी एमी दिला नाही. पण त्याच्या धंद्यात त्याला कुणी “आधी बोलणं शुद्ध करून ये” असंही म्हणालं नाही. तिकडे सोन्याचा कस बघतात.

या सगळ्यामुळे, पडद्यावरच्या उच्चारांवरून भांडणाऱ्या चाहत्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. अमेरिकेत हे नवं नाही. ‘द वायर’मध्ये बाल्टिमोरचा पोलीस मॅकनल्टी करणारा डॉमिनिक वेस्ट इंग्लंडमधल्या शेफिल्डचा आणि स्ट्रिंगर बेल करणारा इद्रिस एल्बा लंडनचा. दुसऱ्या सीझनमध्ये मॅकनल्टीला इंग्रज असल्याचं नाटक करावं लागतं आणि तो ते मुद्दाम वाईट करतो. म्हणजे इंग्रज नट, अमेरिकन पात्र आणि त्या पात्राचं भिकार इंग्रज सोंग! असल्या गमती प्रेक्षक मनापासून एन्जॉय करतात. तरीही ‘एवढे आमचे नट असताना बाहेरचा कशाला?’ हा प्रश्न कुठे ना कुठे निघतोच, आणि तोही खोटा नाही. सातारा-सांगलीत नाटक करणारी, एकांकिका स्पर्धा गाजवणारी पोरं-पोरी आहेत. बोली शिकवायचा त्यांच्यावर खर्च नाही. त्यांना नोकराची, मित्राची, विनोदी पोलिसाची कामं मिळतात. मुख्य काम मिळायचं तर त्यांनाही आधी ‘शुद्ध’ व्हावं लागतं. बाहेरच्या नटानं आमची बोली शिकावी आणि आमच्या नटानं ती विसरावी, ही अदलाबदल मला पटत नाही.

बहिणीला पुढे दुसरीकडे नोकरी लागली. ती ऑफिसात ‘मी करते’ म्हणते, घरी ‘मी करतो’. तिला दोन्ही येतं आणि दोन्ही तिचंच आहे. तिच्या टीममध्ये एक मिरजेची मुलगी आहे. दोघीच असल्या की काय बोलतात, ते बाकीच्यांना अर्धंच कळतं म्हणे.

मला एक मराठी गुन्हेमालिका बघायची आहे. मिरज जंक्शनवर घडणारी, जिथं एका फलाटावर तीन-चार भाषा कानावर पडतात. तपास करणारी बाई फौजदार असावी, आमच्याच बाजूची, पन्नाशीकडे झुकलेली, गुडघे दुखणारी. चौकीतून निघताना घरी फोन करून “मी येतो गं, दार लावून घे” म्हणावी आणि फोन खिशात टाकून त्याच बोलीत समोरच्या संशयिताला घाम फोडावी. पार्श्वसंगीत गंभीर असावं. काम करणारी नटी तासगावची मिळाली तर उत्तमच, मुंबईची असली तरी हरकत नाही, अगदी लंडनहून आली तरी बघू.

उच्चार आई तपासेलच.