कोणती प्रत घ्यायची?

वस्तीतली पोरं विचारतात, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचायचाय, कोणती प्रत घेऊ? सहा डिसेंबरला दादरला, विजयादशमीला नागपूरला पुस्तकांची दुकानं लागतात. तिथं एकाच पुस्तकाच्या कितीतरी प्रती. त्यातली एक सोनेरी अक्षरांची, जाड पुठ्ठ्याची, हार घालून ठेवावी अशी. ती घेऊ नका. आपल्या बापजाद्यांनी घरातले देव नदीत सोडले, ते रिकाम्या कोनाड्यात पुस्तक बसवायला नाही. जी प्रत डब्याच्या पिशवीत मावेल, जिच्यावर पेन्सिलनं खरडता येईल, तिसऱ्या पाळीत तेलाचा डाग पडला तर जीव हळहळणार नाही, ती घ्या.

१९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी लेख लिहिला. त्यात त्यांनी सरळ म्हटलं की बौद्धांना बायबल पाहिजे. ख्रिस्ती माणसाचं एकच पुस्तक, बरोबर घेऊन फिरता येतं. बौद्धांचं सगळं तीन पिटकांत पसरलेलं. राबणाऱ्या माणसानं ते कधी वाचायचं? मग ते स्वतःच लिहायला बसले. इंग्रजी पुस्तक बाहेर आलं १९५७ साली, ते गेल्यावर. आठ खंड, खंडात भाग, आणि बायबलसारखेच परिच्छेदांना आकडे. हे आकडे फार कामाचे. कुणी वाद घालायला आला की 'बाबासाहेब कुठंतरी म्हणतात' असं बोलू नये. खंड सांगावा, भाग सांगावा, आकडा सांगावा. समोरचा निम्मा तिथंच गार होतो.

मराठी भाषांतर घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचं. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण भाषा वर्गातली आहे, वस्तीतली नाही. वर्षावासात आमच्या विहारात रोज रात्री वाचन असतं. वाचणारा भराभर वाचतो, बाया हात जोडून ऐकतात, शेवटी साधू साधू साधू, की सगळे घरी. एका रात्री माझी पाळी होती. चौथा खंड आला. कर्म आणि पुनर्जन्म. मी थांबलो आणि आपल्या बोलीत सांगितलं : आत्मा नाही, म्हणून आत्मा ह्या देहातून त्या देहात जात नाही. मेल्यावर पृथ्वी, आप, तेज, वायू आपापल्या ठिकाणी मिळतात. मागच्या जन्माचं पाप ह्या जन्मी फेडायचं, हे बुद्धाचं नव्हेच.

झाडूखात्यात जन्म गेलेली एक मावशी मागं बसली होती. म्हणाली, "म्हंजी बाबा, माज्या हातात झाडू आला, त्यो गेल्या जन्माचा न्हवं?"

"न्हवं, मावशे."

"मंग इतकी वर्सं मला तसं कुनी सांगितलं?"

विहारातले एक जाणते उठले. ग्रंथ मधे थांबवायचा नसतो, पान पुरं कर, म्हणाले. मी पान पुरं केलं. पण मावशीचा सवाल कुठल्या पानात मावतो?

म्हणून सांगतो, मराठी प्रतीच्या शेजारी इंग्रजी प्रत ठेवा. येत नसलं तरी ठेवा. एक स्वस्त डिक्शनरी घ्या. मी असाच शिकलो, दिवसाला अर्धं पान. इंग्रजीत बाबासाहेब 'रिबर्थ' आणि 'ट्रान्समायग्रेशन' असे दोन शब्द वेगळे करतात. आपण मराठीत बोलताना दोन्हीला पुनर्जन्म म्हणून मोकळे होतो, आणि त्या फटीतून भट पुन्हा आत येतो.

दुसरा सवाल पंडितांचा. म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला, हे बाबासाहेब नाकारतात. शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, शाक्यसंघाचा युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थचा विरोध, म्हणून त्यानं घर सोडलं, असं ते मांडतात. पंडित म्हणतात, ही मनची रचना. त्यांना सुत्तनिपातातलं अत्तदण्डसुत्त दाखवा. शस्त्र धरलेल्या, भांडणाऱ्या माणसांचं भय वाटलं, असं बुद्धच तिथं सांगतो. रोहिणीच्या पाण्याचं भांडण धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे, जातकात आहे. तिथं मात्र बुद्ध झाल्यावर तो ते मिटवतो, हेही लपवू नका. धर्मानंद कोसंबींनीही 'भगवान बुद्ध' मध्ये अत्तदण्डसुत्त पुढं ठेवलंय. ते पुस्तक जुनं आहे, पण मराठी साधं. मिळवाच.

मुळं शोधायची तर सरकारी अकराव्या खंडाची पुरवणी आहे, १९९५ ची. कुठला परिच्छेद कुठल्या पाली ग्रंथातला, ते त्यात आहे. पालीसाठी सोळावा खंड, बाबासाहेबांनी स्वतः केलेला कोश आणि व्याकरण. प्रत घेताना १५ मार्च १९५६ ची प्रस्तावना आहे का, तेही बघा. पहिल्या आवृत्तीत ती नव्हती, भगवान दास यांनी १९८० मध्ये छापली. तिच्यात केळुसकर गुरुजींनी दिलेल्या बुद्धचरित्राची आठवण आहे. आणि हे पुस्तक तीन पुस्तकांतलं एक, असंही बाबासाहेब तिच्यात सांगतात. बाकीची दोन बुद्ध-मार्क्सवरचं आणि क्रांती-प्रतिक्रांतीवरचं. दोन्ही सरकारी तिसऱ्या खंडात आहेत. पोरं पहिलं घेतात, उरलेल्या दोघांचं नाव काढत नाहीत.

हे खंड सहज मिळत नाहीत. छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. तेव्हा खंड दिसला की उद्यावर टाकू नका. तिघांत पैसे काढा, एक प्रत घ्या, आणि पाळ्या लावून वाचा.